थांबलेली शतपावली

ड्युरियन आले, हे आमच्या ब्लॉकमध्ये सगळ्यांत आधी लिफ्टला कळतं. खालच्या दुकानांसमोर ढीग लागायच्या आधीच कोणीतरी एखादं काटेरी फळ पिशवीत गुंडाळून गुपचूप वर नेतं, आणि मग दिवसभर त्या लिफ्टमधून जाणारा प्रत्येक जण एक तर नाकाला रुमाल लावतो, नाही तर डोळे मिटून हसतो. पुण्याहून सिंगापूरला आले तेव्हा मी रुमालवाल्यांत होते. हसणाऱ्यांत कधी जाऊन बसले ते मला नीट सांगता येणार नाही. आज सकाळी ऑफिसला जाताना लिफ्टमध्ये तो वास आला आणि डावा घोटा आठवला. म्हणजे घोटा काही कुठे जात नाही, असतोच; पण आठवला तो काही वर्षांपूर्वीचा. काळ्या जाडजूड बुटात बांधलेला, उशीवर ठेवलेला, आतलं एक हाड मेलेला.

त्या दुखण्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. ऑफिसात मी तेच सांगायचे, लोक गंभीर चेहऱ्यानं माना हलवायचे आणि प्रश्न तिथेच संपायचा. पुण्याला आईला फोनवर सांगायची वेळ आली तेव्हा मात्र माझी जीभ अडली. "आई, घोट्यातल्या एका हाडाला ना, रक्त नीट मिळत नाहीये, त्यामुळे ते जरा..." 

"मेलंय," आई म्हणाली. आई शाळेत विज्ञान शिकवायची. तिला गोलमोल बोललेलं खपत नाही.

झालं होतं ते अगदीच साधं. जानेवारीतल्या पावसात ओव्हरहेड ब्रिजच्या ओल्या जिन्यावरून माझा पाय सुटला आणि मी पाचसहा पायऱ्या घरंगळत खाली आले. घोट्याच्या आत टॅलस नावाचं एक हाड असतं. सगळ्या अंगाचं ओझं नडगीतून उतरून त्याच्या पाठीवर येतं. ते मोडलं. स्क्रू घालून जुळवलं, प्लास्टर झालं, हाड जुळलंही. पण या हाडाचं दुर्दैव असं, की त्याच्याकडे रक्त नेणाऱ्या वाटा मुळातच थोड्या आणि बारीक. लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाच्या घराला एका बारक्या पाइपातून पाणी यायचं आणि पाइप कुठे फुटला की सगळ्यांत आधी त्यांचाच नळ कोरडा पडायचा, तसं. दोन-अडीच महिन्यांनी एक्स-रे काढला तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाई स्क्रीनवर बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. हाडात रक्त खेळत असलं तर त्याच्या वरच्या कडेखाली एक बारीक काळसर रेघ दिसते, म्हणाल्या. मग मी आणि माझा नवरा मिलिंद, दोघंही खुर्चीतून पुढे वाकून ती रेघ शोधायला लागलो. आम्हाला काय कळणार होतं, पण शोधली. ती नव्हती.

पुढे एमआरआय झाला आणि बाईंनी सगळं समजावून सांगितलं. हाड मेलं असलं तरी अजून उभं आहे. नव्या रक्तवाहिन्या त्यात हळूहळू शिरू शकतात, पण त्याला वेळ लागतो, आणि तोवर त्यावर वजन पडलं तर ते घुमट बसावा तसं खाली बसेल. बसलं की सांधा गेला. मग नडगी आणि ते हाड कायमचं एकमेकांना जोडून टाकायचं, म्हणजे दुखायचं थांबेल, पण घोटा वाकणार नाही.

"चालता येईल?" मिलिंदनं विचारलं.

"येईल की. थोडं थोडं."

"रोज? जेवणानंतर?"

डॉक्टरीणबाई तशा शिस्तीच्या चिनी बाई, फाजील बोलणं नाही. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसावा.

तो प्रश्न कुठून आला ते मला माहीत होतं. माझा नवरा बसला की बोलत नाही. रागानं किंवा आढ्यतेनं नाही. खुर्चीला पाठ टेकली की त्याच्या तोंडाला कुलूपच लागतं. सोफ्यावर शेजारी बसून त्याला काही विचारलं तर "हं" येतं, जेवताना विचारलं तर "बघू" येतं. पण पायात चपला घातल्या आणि शतपावलीला निघालो, की दुसऱ्या ब्लॉकखाली पोचेपर्यंत हा माणूस सुटतो. सिंगापूरला आलो त्या वर्षी आम्ही एका कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेऊन राहायचो. भिंती पातळ, स्वयंपाकघर सामायिक, भांडायचं तरी कुठे? म्हणून जेवण झालं की खाली उतरायचो. ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागांतून, छपराच्या वाटांवरून, पाऊस असो नसो, चालायचो. पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, अर्ज करायचा की नाही ते तिथे ठरलं. बुकित पंजांगला घर घ्यायचं ते तिथे ठरलं. मुक्ताच्या वेळी दिवस राहिलेत हे मी त्याला चालतानाच सांगितलं आणि तो बोलता बोलता नेहमीच्या वळणावर न वळता सरळ पुढे निघून गेला. शतपावली म्हणतो आम्ही, पण त्यातली पावलं कोणी मोजली नाहीत. माझा संसार त्या पावलांवर उभा आहे असं मी पूर्वी गमतीनं म्हणायचे. डॉक्टरांच्या खोलीत मला त्यातली गंमत दिसेना. घोट्याचं जे व्हायचं ते होवो, पण हे बोलणं बंद पडलं तर आम्ही दोघं त्या फ्लॅटमध्ये काय करणार, याची मला खरंच भीती वाटली.

तर असा तो ड्युरियनचा मोसम मी पाय वर ठेवून काढला. आणि खोटं कशाला सांगू, दिवस छान गेले.

आपलं घर आपण दिवसा पाहिलेलंच नसतं, हे मला तेव्हा कळलं. मी हिशेबखात्यात, महिनाअखेरीला तर घरी फक्त झोपायला यायची. आता लॅपटॉप मांडीवर, पाय स्टुलावर, आणि ऊन आधी कुंड्यांवर, मग मुक्ताच्या सायकलीवर, मग माझ्या बुटावर. आमच्या खिडकीसमोरून, उंचावरच्या मार्गानं, एलआरटी जाते. ही छोटी गाडी घरांच्या अगदी जवळून जाते म्हणून तिच्या काचा तेवढ्यापुरत्या आपोआप पांढऱ्या होतात, आतल्यांना आपल्या घरात बघता येऊ नये यासाठी. इतकी वर्षं मी त्या गाडीच्या आत बसून काचा पांढऱ्या झाल्या की फोनमध्ये डोकं घालायची. आता बाहेरून पाहिलं, की माणसांनी भरलेली गाडी येते, माझ्या खिडकीपाशी आली की डोळे मिटते आणि पुढे जाऊन उघडते. या शिष्टाचाराचं मला फार कौतुक वाटायचं. दुपारच्या चहाला मी तिची वाट बघायला लागले होते.

गुडघा टेकवून ढकलायची चाकांची गाडी मला मिळाली होती. तिच्यावरून मी स्वयंपाकघरात जायची, एका पायावर उभी राहून पोहे करायची आणि मुक्ताची बोलणी खायची. मुक्ता तेव्हा सेकंडरी टूला, म्हणजे आपल्या आठवीला. घरातली वॉर्डन तीच. "आई, कॅनॉट लाह! डॉक्टर सेड सिट!" मी मराठीत रागवायची, ती सिंगापुरी इंग्रजीत रागवायची, आणि पोहे कोणाच्या तरी हातून व्हायचेच.

आईनं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर उपचार सांगितला होता. माझ्या लग्नात दिलेली काशाची वाटी ओट्याखालच्या कपाटात मागे कुठेतरी पडली होती, ती शोधायला लावली. तळव्याला तूप लावायचं आणि वाटीनं घासत राहायचं, उष्णता निघते, रक्त फिरतं. विज्ञानाच्या बाई आणि काशाची वाटी, हे कसं काय, असं विचारलं तर म्हणाली, "विज्ञान शाळेत. पाय माझ्या मुलीचा आहे." मग रोज ऑफिसातून आल्यावर मिलिंद खाली चटईवर बसायचा, बूट उलगडायचा, पाय मांडीवर घ्यायचा आणि घोट्याला धक्का न लावता तळवा घासायचा. काशानं तूप काळं पडतं. पहिल्या दिवशी मुक्तानं माझा काळा तळवा पाहिला आणि किंचाळलीच. "बाबा! इज शी डायिंग ऑर व्हॉट?" त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. पण हसणं ओसरलं की तो पुन्हा गप्प. मान खाली, वाटी गोल गोल. मी विचारायची, "ऑफिसात काय झालं?" तो म्हणायचा, "हं, ठीक." हात इतक्या मायेनं चालायचे आणि तोंड बंद. जेवणानंतरची वेळ तर मला नकोशीच झाली होती. तो चपलांच्या कपाटापर्यंत सवयीनं जायचा आणि परत यायचा.

समोरच्या घरातल्या लिम आंटींचं माझ्यावर लक्ष होतं. सत्तरीच्या पुढच्या, सडसडीत, सकाळी सगळ्यांच्या आधी खाली व्यायामाला. ड्युरियनचे सोललेले गर डब्यात घेऊन त्या आमच्या दारात उभ्या राहायच्या. "ईट, ईट. व्हेरी हीटी वन. युवर लेग टू कोल्ड." ड्युरियन उष्ण, आणि माझा पाय थंड पडलाय म्हणून मी ते खायचं. हे शास्त्र मला परकं वाटलंच नाही. आंब्याबद्दल आमच्याकडेही असंच बोलतात. पहिला गर मी नाक दाबून खाल्ला. दुसरा तसाच खाल्ला. पिवळाधमक, सायीसारखा, आधी गोड आणि मागाहून थोडा कडवट. तिसऱ्याच्या वेळी आंटी हसत होत्या आणि डबा माझ्या बाजूला सरकवत होत्या. त्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "नो ब्लड, मस्ट वॉक स्टोन."

म्हणजे आमच्या ब्लॉकमागच्या बागेतली दगडांची वाट. गुळगुळीत गोटे सिमेंटमध्ये उभे बसवलेले असतात, बाजूला धरायला दांडा. म्हातारी माणसं तिथे सकाळी अनवाणी चालतात, तळव्यातल्या नसा मोकळ्या व्हाव्यात म्हणून. मी ते हसण्यावारी नेलं. मिलिंदनं नेलं नाही. हा इंजिनिअर माणूस, औषधाच्या डबीवरची सूचना दोनदा वाचणारा, त्या दिवशी पटकन तयार झाला. पुण्याहून आई म्हणते रक्त फिरवा, समोरून आंटी म्हणतात रक्त फिरवा. दोन जुन्या संस्कृतींचं एकमत झाल्यावर आमच्या डॉक्टरीणबाई एकट्या पडल्या. 

"त्यांनी वजन टाकायचं नाही म्हटलंय," तो म्हणाला. "वजन तू माझ्यावर टाक. तळवा नुसता दगडांना लागू दे."

किती दिवसांनी तो एवढं मोठं वाक्य बोलला होता! मी लगेच हो म्हटलं. दगडांवर माझा विश्वास होता असं नाही. त्याच्याबरोबर बाहेर पडायला मिळतंय, एवढंच मला दिसलं.

रविवारी सकाळी गेलो. त्यानं बूट सोडवला, काखेत धरला. मी एक हात दांड्यावर, दुसरा त्याच्या खांद्यावर ठेवून डावा तळवा गोट्यांवर टेकवला. गार दगड, रात्रीच्या पावसानं ओले. पहिला क्षण सुखाचा होता. मग उजवा पाय उचलायला गेले, तोल गेला, आणि सगळं अंग त्या मेलेल्या हाडावर आलं. मेलेलं हाड एवढं दुखू शकतं हे मला माहीत नव्हतं. मी ओरडले नाही, पण मिलिंदचा चेहरा पाहिला आणि मला रडू आलं. त्यानं मला उचलून बाकावर बसवलं. मग खाली बसून त्यानं बूट पुन्हा बांधला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी काही विचारायच्या आत त्यानंच सांगून टाकलं, शाळेतल्या मुलासारखं, उभं राहून. बाईंनी पेन खाली ठेवलं. 

"तुम्ही काय काम करता?"

"इंजिनिअर आहे."

"इमारतीचा एक खांब कच्चा आहे म्हणून कळलं, तर त्यावर उड्या मारून बघता?"

"नाही."

"गुड," त्या म्हणाल्या आणि एक्स-रेला पाठवलं. हाड बसलं नव्हतं. मात्र एका कोपऱ्याबद्दल त्यांना शंका होती. दगडांमुळे नव्हे, त्यांनी हे दोनदा सांगितलं; हे तसंही होऊ शकतं. पण आता वाट बघण्यात अर्थ नाही, हाडात बारीक छिद्रं पाडू, आतला दाब उतरेल, रक्ताला शिरायला वाट होईल. उपयोग झाला तर सांधा वाचेल. नाही झाला तर जोडायचा. दोनदा सांगूनही मिलिंदला त्यातलं "दगडांमुळे नव्हे" ऐकू गेलं नव्हतं.

त्या आठवड्यात तो चाकांची खुर्ची भाड्यानं घेऊन आला. जेवण झाल्यावर म्हणाला, "चल, खाली जाऊ." मी खुर्चीत बसले. बागेच्या कडेनं, ब्लॉकच्या खालून आम्ही निघालो. लोकांची जेवणं आटोपत होती, कोणाच्या तरी घरून लसणाची फोडणी, कोपऱ्यावरच्या टेबलाशी हातमोजे घालून ड्युरियन फोडणारी माणसं. तो मागे, मी पुढे. मग मागून, माझ्या डोक्याच्या वरून, त्याचा आवाज आला.

"मी तुला त्या दगडांवर नेलं."

"मी आले म्हणून नेलंस."

"ते हाड बसलं तर मी काय करू?"

"हाड माझं आहे, मिलिंद. तू काय करणार?"

"मला घरात बोलता येत नाही, गं." तो थांबला नाही, ढकलत राहिला. "मी बसतो तुझ्यासमोर. डोक्यात सगळं असतं, पण बाहेर येत नाही. चालायला लागलं की आपोआप येतं. तू शेजारी चालत नसलीस तर मी आयुष्यभर नुसता हं हं करत बसणार. तुला कंटाळा येईल माझा."

खुर्चीत मागे वळून बघता येत नाही. मी नुसता हात मागे नेला, त्याच्या मनगटावर ठेवला.

"मग आत्ता काय करतोयस?" मी विचारलं.

"ढकलतोय."

"बोलतोयस."

त्यानं खुर्ची नेहमीच्या वळणावर वळवली. "तू दिसत नाहीस म्हणून असेल," म्हणाला. आणि आम्ही दोघंही हसलो, तो मागे, मी पुढे. माझे डोळे वाहत होते, आणि ते त्याला दिसत नव्हते हे बरंच होतं.

त्या रात्रीपासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. हाड जगलं तर हवंच होतं. का नको असेल? पण ते नाहीच जगलं, तर आपल्यात जे आहे ते कुठल्या ना कुठल्या वाटेनं आत शिरेल, एवढा विश्वास मला आला. आजही घोटा सकाळी आखडतो, मला उकिडवं बसता येत नाही, मित्रमंडळींच्या गणपतीत सगळे सतरंजीवर आणि मी खुर्चीत राणीसारखी. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. वाईट वाटायचं सगळं मी त्या एका मोसमात वाटून घेतलं, आणि त्या मोसमाला ड्युरियनची चव होती.

छिद्रं पाडली. पुन्हा पाय उशीवर, पुन्हा काशाची वाटी, यावेळी फक्त उजव्या तळव्याला, कारण मिलिंदनं आता डॉक्टरीणबाईंना लेखी विचारून तेवढ्याचीच परवानगी घेतली होती. मुक्ताची परीक्षा जवळ आली. खालच्या टेबलांवरचे ड्युरियनचे ढीग लहान झाले, मग एक दिवस टेबलंच दिसेनाशी झाली. लिम आंटी डब्यातून पपई आणायला लागल्या.

मग तपासणीचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे जुन्याच्या शेजारी लावला आणि पेनाच्या टोकानं हाडाची वरची कड दाखवत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कड गोल होती. शंकेचा कोपराही उभा होता. आत सगळीकडे रक्त पोचलेलं नाही, वेळ लागेल, अजून जपायचं आहे, हे सगळं त्यांनी सांगितलं. आणि म्हणाल्या, "आजपासून बूट नको. साधा शूज घालून चाला. हळू, आणि थोडंच."

शूज आणायला सांगितलं नव्हतं, तरी मिलिंदच्या बॅगेत माझा डावा शूज होता. प्रत्येक तपासणीला तो असायचा, हे मला तेव्हाच कळलं. त्यानं वाकून तो घातला, नाडी बांधली, आणि मला हात दिला.

दवाखान्यापासून बसस्टॉपपर्यंत छपराची वाट आहे. बाहेर पाऊस पडत होता. मी काठी टेकत चालले, आणि तो शेजारी. मागे नाही, शेजारी. मी वाट बघत होते. आता हा सुटणार, इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं या वाटेवर बाहेर येणार. एक खांब गेला, दुसरा गेला. हा एक अक्षर बोलेना. मी मान वळवून पाहिलं, तर त्याचं लक्ष समोर नव्हतंच. तो खाली, माझ्या पायाकडे बघत चालला होता. डावा टेकला की त्याचा श्वास थांबायचा, उचलला की सुटायचा.

"मिलिंद, बोल ना काहीतरी," मी म्हटलं.

"बोलू नंतर," तो म्हणाला. "आज तू चाल. मला बघू दे."